मदरबोर्डाचा मान

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. कार्य कसं पार पाडावं हे किन्हवलीत कुणाला विचारायचं असेल, तर लोक आजही माझ्याच दारात येतात! लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो. कुणाला कोणता मान द्यायचा, कोण कशावरून रुसेल आणि रुसला तर कशानं खुलेल, हे मला तोंडपाठ. आयुष्यभर शिवणकाम केलं. अर्ध्या गावाच्या दंडाची मापं माझ्या वहीत आहेत आणि सगळ्या गावाच्या ताठ्याची मापं माझ्या डोक्यात!

त्यामुळे आमच्या कुणालीला नवा कॉम्प्युटर बनवायचा आहे असं कळलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हे कार्य माझ्यावर सोडा!"

तेव्हाच कुणीतरी मला आत ढकलून बाहेरून कडी लावायला हवी होती.

कुणाली माझी नात, जगदीशची मुलगी. आयटीआयला ड्राफ्ट्समन झाली. पुण्याच्या एका ऑफिसनं तिला इमारतींचे नकाशे काढायचं काम देऊ केलं. अट एकच. एकतर पुण्याला येऊन ऑफिसात बस, नाहीतर घरी दणकट कॉम्प्युटर घे आणि घरूनच काम कर. दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून सुरुवात.

"मग पुण्यालाच जाते ना आजी," कुणाली म्हणाली. "मुली राहतात तिथं एकत्र. चालेल मला."

"तुला चालेल गो, मला नाय चालणार!"

का चालणार नाही, ते सांगते. आमच्या आळीत पूर्वी कुणाच्या घरी हळद असली की ओट्यावर पाय ठेवायला जागा नसे. हळकुंड कांडायला बायका, गाणी म्हणायला बायका, आणि नुसती नावं ठेवायला आणखी वेगळ्या बायका! आता आळीत संध्याकाळी माणसांपेक्षा कुत्री जास्त दिसतात. कुणी वाशिंदला ब्लॉक घेतला, कुणी कल्याणला. घराला कुलूप लावायचं आणि शेजाऱ्याला सांगायचं, "लक्ष ठेवा हां." मी सध्या चार कुलपांवर लक्ष ठेवून आहे! जगदीश पहाटे वाशिंदच्या कारखान्यात जातो तो रात्री फक्त घोरायला येतो. सून दामिनी बचतगट, दळण, गुरं यांत. दुपारच्या वेळी या घरात माझ्याशी दोन शब्द बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते माणूस पुण्याला जायचं म्हणत होतं.

"कॉम्प्युटर इथंच होईल," मी म्हणाले. "पण त्याला लागतं काय काय ते सांग."

कुणालीनं मोबाईलवर चित्रं दाखवली. "हे बघ आजी. आधी मदरबोर्ड ठरवायचा. त्याच्यावर प्रोसेसर बसतो, रॅम बसते, सगळं त्याच्यावरच बसतं. तो चुकला की सगळं चुकलं. आणि प्रोसेसरच्या दोन कंपन्या आहेत, इंटेल आणि एएमडी. एकीच्या बोर्डावर दुसरीचा बसत नाय."

"म्हणजे सोयरीकच की! मग यात अवघड ते काय?"

"आठ दिवस वाचतेय मी आजी. अवघड आहे."

मी हसले. आठ दिवसांत मी दोन लग्नं जमवली आहेत!

दामिनी भाकरी-कालवणातून डोकं वर काढून म्हणाली, "आई, कल्याणला जाऊन एका दुकानातून सगळं एकदम आणू की."

"एका दुकानातून? आणि पाहुण्यांनी काय करायचं?"

माझा संसार कसा उभा राहिला, ते हिला कुठून माहीत असणार! हंडा मामाचा, परात आत्याची, घंगाळ चुलत्यांचं. प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. आजही परात घासताना आत्याच्या नावावरून हात फिरतो. माणूस गेलं, पण तिचं नाव रोज राखेनं लख्ख होतं. तेव्हा लोक यायचे, वस्तू घेऊन यायचे, जेवून जायचे. आता? सकाळी मोबाईलवर गुलाबाची फुलं पाठवतात. त्या फुलांची धड भाजीही होत नाही!

म्हणून मी ठरवलं. कॉम्प्युटरचा एकेक भाग एकेका पाहुण्याचा. दसऱ्याला सगळ्यांनी वस्तू घेऊन यायचं, पाटावर मांडून पूजा करायची, जेवायचं. पोरगी घरी राहील आणि तुटलेली माणसंही जोडली जातील. एका सुईत दोन धागे!

सगळं ज्याच्यावर बसतं तो मदरबोर्ड, म्हणजे मोठा मान. तो मामाचा. कुणालीचा मामा हितेश, म्हणजे दामिनीचा भाऊ, मुरबाडला असतो, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी फोन लावला.

"मावशी, विषय संपला! मदरबोर्ड मामाचाच! किती मोठा आणू?"

"कुणाली मोबाईलवर नंबर पाठवेल, तोच आण. आणि हितेश, वस्तूवर नाव घालून आण बरं का. आपली पद्धत आहे."

"ते काय सांगायला पायजे?"

'वस्तूवर नाव घालून आण', हे वाक्य मी माझ्या तोंडानं बोलले. पुढे सगळे विसरले, मी विसरले नाही.

दुसऱ्याच दिवशी शहापूरहून लेकीचा फोन. शकूचा आवाज बर्फासारखा.

"आई, मामाला मदरबोर्ड दिलास म्हणं. आमच्या ह्यांना काय ठेवलंस? वायर?"

मागून जावईबापूंचा आवाज ऐकू आला, "जाऊ दे गो शकू! आमी काय, लांबची माणसं!"

दिपेशराव म्हणजे जावई असे, की यांच्या लग्नात फेट्याचा रंग आवडला नाही म्हणून वरात तासभर उभी होती. मी पटकन कुणालीला विचारलं, "मदरबोर्डाच्या खालोखाल काय?"

"खालोखाल नाय आजी. प्रोसेसर म्हणजे मेंदू. तोच खरा."

"जावईबापू," मी फोनवर म्हणाले, "तुमच्यासाठी मेंदू ठेवलाय!"

पलीकडे खाकरणं. "बघतो. मुंबईला जातोच आहे रोज. ग्रँट रोडला कॉम्प्युटरच्या बाजारात उतरतो नि घेतो."

मग माझे दीर, काळूराम भाऊजी. "वहिनी, मोठं माणूस मी घरातलं, मला न विचारता वाटणी झाली?" त्यांना कॅबिनेट दिलं, म्हणजे ज्या पेटीत हे सगळं बसवतात ती. "वरून दिसणार तीच ना?" एवढं विचारून त्यांनी खात्री केली. शेजारचा गोमा कुंपणावरून म्हणाला, "काकी, निदान माउसखालची गादी तरी माज्याकडून घ्या!" घेतली. कुणाला दुखवायचं!

कुणालीनं प्रत्येकाला वस्तूचं नाव आणि नंबर मोबाईलवर पाठवला. सगळ्यांनी अंगठा दाखवला. हा मोबाईलमधला अंगठा फार फसवा असतो. पूर्वी अंगठा दिला की जमीन जायची, आता अंगठा दिला की काहीच होत नाही!

दसरा उजाडला. दाराला झेंडूचं तोरण, ओट्यावर रांगोळी. पाटावर माझं शिलाई मशीन, विळे, कोयता, जगदीशच्या मोटारसायकलची चावी आणि मधे मोकळी जागा. किती वर्षांनी घराबाहेर चपलांचा ढीग पडला! मी तो ढीगच बघत उभी राहिले होते.

पहिला आला हितेश. त्याच्या हातात खोका परातीएवढा.

"मावशी, तिनं लिवला होता तो बारका होता. म्हटलं मामा देतोय, बारका कशाला? त्यातलाच सगळ्यात मोठा आणलाय. विषय संपला!"

मग काळूराम भाऊजी. त्यांनी पेटी आणली ती आमच्या टीव्हीच्या कपाटात मावावी म्हणून मुद्दाम लहान. मात्र तिच्या काचेवर लाल रंगानं लिहून आणलं होतं, "काळूराम यांजकडून सप्रेम", पाण्याच्या टाकीवर लिहितात तेवढ्या अक्षरांत. आतलं काही दिसायची सोयच नव्हती.

शेवटी जावई. खिशातून त्यांनी काड्यापेटीएवढी डबी काढली. हितेशनं आपल्या खोक्याकडं बघितलं, मग त्या डबीकडं, आणि तो प्रेमानं हसला. चूक तिथंच झाली.

"आकारावर नका जाऊ हितेशराव," जावई म्हणाले. "मुंबईहून आणलाय. तिनं लिवलेला साधा होता. दुकानदार म्हणाला, तेवढ्याच पैशात दुसऱ्या कंपनीचा जास्त फास्ट येतो. मी म्हटलं, फास्टच द्या!"

"दुसऱ्या कंपनीचा?" कुणालीनं आतून विचारलं. पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं, कारण पाटावर मांडणीवरून जुंपली होती.

"मदरबोर्ड मधे," हितेश म्हणाला.

"ठेवा की. प्रोसेसर त्याच्यावर ठेवतो. वरच बसतो तो," जावई म्हणाले.

"वर बसतो, पण बसायला जागा कोणी दिली?"

"बसणाराच नाय, तर जागेला काय चाटायचं?"

"अहो, पण या दोघांना घेतलंय कोणी पोटात?" काळूराम भाऊजींनी आपली पेटी पुढं सरकवली.

मी मधे पडले, सगळ्या वस्तूंना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, श्रीखंड-पुरीची पानं वाढली. कार्य पार पडलं असं मला वाटलं! जेवताना हसणं, खिदळणं, जुन्या आठवणी. शकू माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. त्या अर्ध्या तासासाठी मी आणखी दहा कॉम्प्युटर बनवले असते.

हात धुवून कुणालीनं डबी उघडली. प्रोसेसर टपालाच्या तिकिटापेक्षा जरा मोठा. पोटाखाली साळिंदरासारखे सोनेरी काटे. मग तिनं मदरबोर्डावरची जागा उघडली. तिथंही काटे! दोघंही अगदी आमच्या पाहुण्यांसारखे. टोचायला दोघं तयार, सामावून घ्यायला कुणी नाही.

"हा त्याच्यावर बसणार नाय," कुणाली शांतपणे म्हणाली. "हा बोर्ड इंटेलचा, प्रोसेसर एएमडीचा. आणि बोर्ड कॅबिनेटमधेपण मावणार नाय."

सगळ्यांनी आपापली वस्तू उचलून न्याहाळली.

"जरा कडेनं कापून घ्या," काळूराम भाऊजी म्हणाले. "माज्याकडं करवत आहे."

मी मनातल्या मनात शिलाईत दाब आहे का बघत होते. कापडात दोन बोटं दाब ठेवलेला असतो, सोडला की ब्लाऊज बाळंतिणीलाही होतो. या कंपन्यांना एवढं सुचू नये!

"मग बदलून आणू," मी म्हणाले. "त्यात काय?"

"कोणाचं बदलायचं?" दोघांनी एकदम विचारलं.

"तिनं लिवला तो नंबर मी आणला," हितेश म्हणाला, "फक्त मोठा आणला. चूक यांची!"

"माझी वस्तू परत करायची म्हणजे मला दारातून परत पाठवायचं!" जावई उठले. "शकू, चल!"

"अहो, बसा हो, बडीशेप तरी घ्या..."

"बडीशेप मामाला द्या!"

शकू माझ्याकडं बघत होती, मी शकूकडं. जावई रुसून गेला की लेक वर्षभर येत नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक. मी हितेशचा हात धरून त्याला गोठ्याकडं नेलं. काय काय बोलले ते विचारू नका. म्हशीनंसुद्धा रवंथ थांबवलं. शेवटी तो म्हणाला, "तुमच्यासाठी मावशी. माझा बोर्ड बदलतो. घेतला ते दुकान मुरबाडचंच आहे. पण हे लक्षात ठेवीन."

ठेवलंच आहे त्यानं.

आम्ही आत आलो. कुणालीनं बोर्ड खोक्यात घालायला उलटा केला आणि तशीच थांबली.

"मामा, हे काय?"

"नाव घातलंय! मावशी म्हणाल्या ना. बाजारपेठेत भांड्यांवर नावं घालणारा आहे, त्याच्याकडून घातलं. तो नाय म्हणत होता, मीच म्हटलं घाल. मागं मोकळी जागा दिसली तिथं."

मोकळ्या जागेत सुईच्या मशीननं कोरलं होतं, "चि. कुणालीस मामाकडून सप्रेम". अक्षर सुरेख. शिरोरेघ तर पट्टीनं आखल्यासारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत!

"आजी," कुणालीनं माझं बोट धरून त्या हिरव्या पत्र्यावरून फिरवलं. "या बारीक रेषा दिसतात ना? या वायरी आहेत. शिरोरेघेनं सगळ्या कापल्या."

परातीवर नाव कोरलं तर परात गळत नाही. हे मला सांगायला कुणी नको होतं का?

दुसऱ्या दिवशी मी आणि कुणाली सरळगावमार्गे एसटीनं मुरबाडला गेलो. दुकानदारानं बोर्ड उलटा केला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काकी, हा मदरबोर्ड आहे की पातेलं?"

"आहेर आहे!" मी म्हणाले.

"हळदपण लागलीय याला."

"दसरा होता!"

"हे परत घेता येणार नाय. मी कंपनीला काय सांगू? हळदीला गेला होता म्हणून?"

मी त्याला सुनवायला सुरुवात केली. माझ्या वेळी कापड परत घ्यायचे, पातळ नेसलेलं असलं तरी परत घ्यायचे, माणुसकी होती, दुकानदार पाणी विचारायचा! तर त्यानं खरोखरच पाणी आणलं आणि मला बाहेर पंख्याखाली स्टुलावर नेऊन बसवलं. इतक्या सभ्यपणे मला आजवर कुणी हाकललं नव्हतं.

आत कुणाली त्याच्याशी बराच वेळ बोलत होती. बाहेर आली तेव्हा पिशवीत तोच बोर्ड.

"दुसरा घेऊ आपण," मी म्हणाले. "माझ्या पाटल्या आहेत."

"आजी, पाटल्यांचा प्रश्न नाय. शकूआत्याच्या प्रोसेसरला बसणारा बोर्ड नाय मिळत आता. मागवला तर महिना लागेल."

"महिना? आणि सोमवारचं काय?"

ती माझ्याकडं न बघता एसटीच्या वाटेकडं बघत म्हणाली, "सोमवारी पुणे."

रविवारी ती गेली. तिची बॅग फार नीट भरलेली होती. कपड्यांच्या घड्या एकावर एक, मधे एक बोटही जाणार नाही अशा. घाईत भरलेली बॅग अशी नसते, हे मला, कापडात जन्म घालवलेल्या बाईला, तेव्हा दिसायला हवं होतं. जगदीश तिला कल्याणला पुण्याच्या गाडीत बसवून आला आणि झोपला. दामिनी गोठ्यात जाऊन रडली. मी ओट्यावर बसून कुलपांवर लक्ष ठेवलं.

मग फोन सुरू झाले. शकू म्हणाली, "ह्यांच्या प्रोसेसरचं काय केलंत? पडून असेल तर परत द्या, ह्यांचे मित्र विचारतायत." काळूराम भाऊजींनी पेटी तिसऱ्याच दिवशी नेली आणि तिच्यात आता कोंबडीची पिल्लं ठेवली आहेत. सप्रेम! हितेशचा मात्र फोन नाही. दामिनीशीही तो तुटक बोलायला लागला. एका कॉम्प्युटरच्या नावानं मी जोडायला निघाले होते ती माणसं, आणि आता सकाळची गुलाबाची फुलंही येईनाशी झाली.

दिवाळीच्या तोंडावर हितेशचा फोन आला. मला बरं वाटलं.

"मावशी, राग सोडून फोन करतोय. कामाचं आहे म्हणून. तो दुकानवाला माझ्या मागं लागलाय."

"कसला?"

"दिपेशरावांच्या प्रोसेसरला बसणारा बोर्ड त्या दिवशी दुकानातच होता म्हणं त्याच्याकडं. पेटीत मावेल असा, बारका. कुणालीला दाखवला. ती म्हणाली, बाजूला ठेवा, कळवते. अजून काय कळवलं नाय. ठेवायचा का विकायचा, विचारतोय."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"मावशी? आहात का?"

"आहे."

"काय सांगू त्याला?"

"विकून टाक म्हणावं."

"बरं. विषय संपला," हितेश म्हणाला. या वेळी त्यानं ते मोठ्यानं म्हटलं नाही.

संध्याकाळी कुणालीचा व्हिडिओ कॉल आला. केस कापून खांद्यापर्यंत केले होते. मागं खोलीत आणखी दोन मुली कशावरून तरी भांडत होत्या, आणि कुणाली त्यांच्याकडं बघून हसत होती. असं तोंड उघडं टाकून हसताना मी तिला आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. मी शब्द जुळवून ठेवले होते. बोर्ड दुकानात होता ना गो? मला का नाय सांगितलंस? सांगितलं असतंस तर मी काय तुला बांधून ठेवणार होते?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, म्हणून पहिले दोन विचारलेच नाहीत.

"आजी, बोल ना. अशी काय बघतेस?"

"जेवलीस का?"

"आता जाऊ मेसला."

"तांदळाची भाकरी मिळते का गो तिथं?"

"नाय गो आजी! भाकरी कुठली? रोज चपाती. आणि तीपण रबरासारखी!"

"असं का?" मी म्हणाले. आणि काय सांगू तुम्हाला, तेवढ्यावर मी त्या दिवशी पोटभर जेवले!